टाचेचे पाच फोटो

अकोल्याच्या एका कातडीच्या डॉक्टरनं माझ्या बायकोला फसवलं, असं मी चार वर्षं सांगत फिरलो. बैलबाजारात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. ते खोटं आहे. डॉक्टरला मी फसवलं, आणि त्याच्या मागोमाग बायकोला. डॉक्टरचीही चूक झाली होती, पण ती त्यानं माझ्या तोंडावर कबूल केली. मी माझी कबूल केली नाही. उलट त्याच्या कबुलीवर चार वर्षं भांडत राहिलो.

मी जनावरांचा व्यापारी आहे. दुभत्या म्हशी आणि बैलजोड्या घेतो, विकतो. सोळाव्या वर्षी दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत अंजनगावच्या बाजाराला नेत होतो. आज अमरावतीत स्वतःचं घर आहे, घरामागं गोठा आहे, बोलेरो पिकअप आहे. कोणी हात धरून शिकवलं नाही. जनावर घेताना मी मालकाचं ऐकत नाही. आधी पाय उचलतो, खुराच्या बेचक्यात अंगठा दाबतो. जनावर दचकलं की मालक म्हणतो, "काई नाई भौ, काल दगड लागला." मी म्हणतो, "मंग दगड बरा झाला की आण."

आमच्या बाजारात एक रीत आहे. जनावरात खोड असेल आणि मालकानं ती सांगून विकली, तर घेणाऱ्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. पण खोड लपवून विकली आणि आठवडाभरात ती बाहेर आली, तर विकणाऱ्याला चार लोकांसमोर जनावर परत घ्यावं लागतं. त्यात त्याची लाज जाते, आणि पुढचे दोन-तीन बाजार तो दिसत नाही. मी अनेकांना असं जनावर परत घ्यायला लावलं आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो, त्यामुळे लोक लवकर कबूल होतात.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडले. दोन महिने मी गोठ्यात आणि घरात येरझाऱ्या घातल्या. मुलगी तेव्हा शहरातच स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जात होती. क्लासही बंद, म्हणून ती घरी. तिनं मला व्हॉट्सॲपवर ग्रुप करून दिले आणि म्हणाली, "बाबा, बाजार मोबाईलवर भरवा." मी भरवला. विकायची म्हैस सकाळी धुवायची, अंगाला तेल चोळायचं, शिंगांनाही लावायचं. ऊन कोवळं असताना फोटो काढायचा. एक सड आटलेला असेल तर त्या बाजूला उभंच राहायचं नाही. दहा-बारा फोटो काढायचे, दोन पाठवायचे. यात मी खोटं बोलत नव्हतो. म्हैस तीच, फोटोही तिचाच. त्यातला कोणता पाठवायचा, तेवढं मी ठरवत होतो. महिन्याभरात हे काम माझ्या हाताला असं बसलं की त्याचा विचारही करावा लागेना.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी बायको अंगणातल्या नळावर पाय धूत होती. तिथूनच तिनं हाक मारली.

"अवो, हे पाहा बरं. टाचेले काय झालं तं. काळं काळं दिसून राह्यलं."

"काटा मोडला असन."

"काटा दुखते. हे दुखत नाई."

मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. जनावराच्या अंगावरची न दुखणारी गाठ मी कधीच साधी समजत नाही. मी जवळ गेलो, वाकलो, हात पुढं केला. तिनं झटकन पाय मागं घेतला.

"पायाले हात नोका लावू. पाप लागन मले."

आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं आणि मला कोणी न शिकवताच माहीत होतं. शिवाय मुलगी ओट्यावर उभी होती. मी हात मागं घेतला, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. दिवसाला वीस खूर उचलणाऱ्या माणसानं ती टाच उभ्या-उभ्याच पाहिली. तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग होता. त्याला एका बाजूनं शेपूट फुटल्यासारखं झालं होतं, तळव्याच्या आतल्या वळणाकडं गेलेलं, कुठं तपकिरी, कुठं निळसर.

बायकोचं माहेर अकोल्याचं. तिच्या हातावर एकदा खूप दिवसांचं गजकर्ण होतं, ते तिथल्या एका डॉक्टरनं बरं केलं होतं. तेव्हापासून तिचा त्याच्यावर जीव. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, दवाखाना बंद आहे, अकोल्यात पेशंट वाढले आहेत, रस्त्यावर पोलीस आहेत. "भाऊ, चांगल्या उजेडात फोटो काढून पाठवा. मी पाहून सांगतो."

मी बायकोला म्हणालो, "पाय साबणानं धू. जरासं खोबऱ्याचं तेल लाव."

"डागाले?"

"पुऱ्या टाचेले. भेगा दिसून राह्यल्या."

तिनं पाय धुतला, तेल लावलं, आणि ओट्यावर बसून पाय स्टुलावर ठेवला. मी दाराकडून ऊन येईल असा उभा राहिलो आणि पाच फोटो काढले. दोन अगदी समोरून. त्यात तेलानं चकाकणारी स्वच्छ टाच आणि मधे एक काळा गोल ठिपका. दोन हललेले. पाचवा बाजूनं. त्यात ते शेपूट दिसत होतं, त्याची वेडीवाकडी कड दिसत होती, रंगही दिसत होते. तो फोटो पाहिला आणि मी लगेच बोटानं पुढं सरकवला. हे मला स्पष्ट आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मुलगी माझ्या खांद्यावरून पाहत होती. "बाबा, हा पाठवा. याच्यात बाजूचं पसरलेलं दिसते."

"हा बराबर नाई आला. अंधारा आला."

"अंधारा कुठी हाये?"

"तू शिकवून राह्यली का मले फोटो?"

ती बाजूला सरकली. मी आवाज चढवला की आमच्या घरात सगळे गप्प बसतात. मी समोरून काढलेले दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "डॉक्टरसाहेब, बहुतेक भोवरी आहे. औषध सांगा."

हे का केलं, याचं उत्तर मी तेव्हा स्वतःला दिलं नाही. आता देतो. पाचवा फोटो पाहून डॉक्टर म्हणाला असता, या. मग पास काढा, पोलिसांना तोंड द्या, अकोल्यातून आजार घरी घेऊन या. त्या आठवड्यात माझ्या दोन म्हशी चांदूर रेल्वे गावच्या एका माणसाला जायच्या होत्या. पण एवढंच नाही. मला "काही नाही" हे ऐकायचं होतं. समोरच्याच्या तोंडून आपल्याला हवं ते कसं काढायचं, ही माझी आयुष्यभराची कला आहे, आणि मी ती त्या दिवशी वापरली. भोवरी, म्हणजे तळपायाचं कुरूप, हा शब्द मी त्याला आधीच दिला होता. त्यानं तो फक्त परत पाठवायचा होता.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. तीन वाक्यं होती. भोवरी वाटते. भोवरीची पट्टी लावा. सगळं सुरू झालं की एकदा प्रत्यक्ष दाखवून जा.

बायको पोळ्या करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्यानं वाचलं. पहिली दोन वाक्यं वाचली.

"अजून काई म्हणाला?"

"नाई. भोवरी हाये. पट्टी लाव."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि दुसरी लाटायला घेतली.

तिसरं वाक्य मी का वाचलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. खिशात घातलेली वस्तू काढून दाखवायची नसते, तसं काहीतरी झालं.

पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमाराला बाजार उघडले आणि मी भुकेल्यासारखा बाजारांमागं धावलो. आज अंजनगाव, उद्या दुसरं गाव. बायको पट्ट्या बदलत होती. तिला पट्टी काढताना डाग जरा मोठा वाटायचा. दोनदा म्हणाली, "आता तं सारं उघडलं. अकोल्याले एकदा दाखवून येऊ."

"डॉक्टरनं सांगतलं ना भोवरी हाये म्हणून? आता काय त्याच्या सहीचा कागद पाह्यजे तुले?"

दुसऱ्यांदा मी जरा जास्तच बोललो. माहेरी जायचं निमित्त शोधते, असंही बोललो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मोजे घालू लागली. आमच्याकडे थंडीतही बायका घरात मोजे घालत नाहीत, पण मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

थंडी सरता सरता अमरावतीत पुन्हा आजार वाढला आणि राज्यात सगळ्यांच्या आधी आमच्याकडे लॉकडाऊन लागला. त्याच दिवसांत मुलगी फरशी पुसताना थांबली. स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत एकाआड एक फरशीवर रक्ताचा डाग होता, रुपयाएवढा. तिनं आईला बसवलं, मोजा काढला आणि मला हाक मारली. त्या हाकेत धाक होता. तिनं मला त्याआधी अशी हाक कधी मारली नव्हती.

टाचेवर लिंबाच्या फोडीएवढी ओली जखम होती. काळी. मधे मांस वर आलेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून," बायको म्हणाली. "तुमी बाजारात असता. अन् भोवरी फुटली असन, वाटलं."

पास काढला, पिकअपच्या केबिनमध्ये तिला बसवलं आणि बडनेऱ्यावरून अकोल्याचा रस्ता धरला. मूर्तिजापूरच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. एकानं मागं जाऊन ताडपत्री उचलून पाहिली.

"जनावर नाही का आज?"

"पेशंट हाये," मी म्हणालो.

"काय झालं बाईला?"

बायकोच बोलली, "भोवरी." पोलीस आमच्याकडं पाहत राहिला. लॉकडाऊनमध्ये भोवरीसाठी जिल्हा ओलांडणारे आम्ही पहिलेच असू. त्यानं हसून सोडलं.

डॉक्टरच्या टेबलापुढं पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावला होता. त्याच्या तोंडावर दोन मास्क, वर काच. त्यानं बायकोला पलंगावर बसवलं, हातमोजे घातले आणि तिची टाच हातात घेतली. अंगठ्यानं कडेनं दाबत गेला, अगदी मी खूर दाबतो तसा. मग जांघेत हात लावून पाहू का, असं विचारलं. तिथं बोटाच्या पेराएवढी गाठ होती. तो काहीच बोलला नाही. मी आयुष्यभर भाव करत आलो आहे. समोरचा गप्प का झाला, ते मला कळतं.

तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, मेलॅनोमा. आपल्याकडच्या लोकांना तो बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, म्हणून भोवरी किंवा मार लागल्याचा डाग समजून राहून जातो, असं तो हळू आवाजात समजावत होता. मी त्याला पूर्ण बोलू दिलं नाही.

"तुमीच भोवरी म्हटलं होतं!" मी उभा राहिलो. "तुमच्या शब्दावर आमी बसलो! नऊ महिने बसलो! काय डॉक्टर हाये का कोण हाये तुमी?"

बाहेर बसलेले दोन-तीन पेशंट दारात आले. बायको माझी बाही ओढत होती. मी थांबलो नाही. बाजारात जसा बोलतो तसा बोललो, त्यात जे शब्द येतात तेही आले. तो ऐकत राहिला. मग त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, बराच वेळ वर सरकवला आणि पडद्याखालून माझ्यापुढं ठेवला.

"भाऊ, तुम्ही पाठवलेले फोटो हे आहेत. यात मला आजही एवढंच दिसतं." मग त्यानं माझा संदेश वाचला आणि त्याचं उत्तर वाचलं. तिन्ही वाक्यं वाचली. सगळं सुरू झालं की एकदा प्रत्यक्ष दाखवून जा.

बायकोनं माझी बाही सोडली.

तो म्हणाला, "तरी माझी चूक आहे. फोटोवर सांगायलाच नको होतं मी. निदान बाजूनं आणखी एक मागायला हवा होता." मग त्यानं विचारलं, "बाजूनं काढलेला होता का एखादा?"

तो पाचवा फोटो त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये होता.

"नाई," मी म्हणालो. "दोनच काढले होते."

बायको माझ्या शेजारी होती. फोटो काढताना तिचाच पाय स्टुलावर होता. मुलीचं आणि माझं बोलणं तिनं ऐकलेलं होतं. लुगड्याचा काठ खाली ओढून तिनं पाय झाकला.

डॉक्टरनं मान खाली घातली. पैसे घेतले नाहीत. अमरावतीच्या एका सर्जनला आमच्यासमोर फोन लावला, आमच्यासाठी अजीजी केली. मी ते सगळं माझा हक्क असल्यासारखं घेतलं. परतीच्या वाटेवर मी त्याला शिव्या देत गाडी चालवत होतो. बायको खिडकीबाहेर पाहत होती. बडनेरा आलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तिसरं वाक्य कावून नाई वाचलं?"

"ध्यानात नाई राह्यलं."

"हं," ती म्हणाली.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा दवाखान्याचे मजलेच्या मजले कोरोनाला दिलेले. ऑक्सिजन तिकडं, नर्स तिकडं. तारीख एकदा पुढं गेली. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी बायकोच्या नाकातल्या तपासणीत कोरोना निघाला. ना ताप, ना खोकला. तरी पुन्हा किती आठवडे थांबा. मी तिथंही काउंटरवर आरडाओरडा केला. काउंटरमागची मुलगी मास्कमधून म्हणाली, "काका, ओरडल्यानं खाट रिकामी होत नाही." तिचं बरोबर होतं. आणि ते महिने खरंच माझ्या हातातले नव्हते. पण त्याच्या आधीचे होते. मी मात्र सगळे एकत्र बांधून एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवले.

पाऊस लागल्यावर ऑपरेशन झालं. टाचेचा मोठा भाग काढला, तिथं मांडीची कातडी लावली. जांघेतल्या गाठी काढल्या. एका पेशंटमागं एकच माणूस राहू देत होते, त्यामुळे मुलीला फाटकाबाहेर थांबावं लागलं आणि आत मी राहिलो. घरी सोडायच्या आधी नर्सनं हातमोज्यांचा डबा माझ्या हातात दिला. "ड्रेसिंग शिकून घ्या, काका. घरी तुम्हालाच करायचं आहे."

मी स्टुलावर बसलो आणि बायकोचा पाय मांडीवर घेतला. पहिल्यांदा. तो फार हलका होता. खुराला धरायची सवय असलेल्या हातांना कळत नव्हतं, किती जोरानं धरायचं. बायकोनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"आता लागू द्या पाप," ती म्हणाली. "लागायचं ते लागून गेलं."

नर्सला वाटलं गंमत चालली आहे, ती हसली.

त्यानंतर मी बाजारात परत आलो, आणि लोक विचारायला लागले, वहिनीला काय झालं? मी सांगू लागलो. अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो पाहून भोवरी सांगितलं, बाईचं वाटोळं केलं. सांगताना माझा आवाज चढायचा, लोक च्च-च्च करायचे, चहा मागवायचे. प्रत्येक वेळी गोष्ट जरा आणखी घट्ट व्हायची. "प्रत्यक्ष दाखवून जा" हे वाक्य तिच्यात कधीच नव्हतं. चांदूर रेल्वेचा तो म्हैसवाला, त्याच्या आईच्या गालावर बरी न होणारी एक खपली होती. माझी गोष्ट ऐकून तो म्हणाला, "मंग काय फायदा भौ डॉक्टरकडं जाऊन?" आणि मी म्हणालो, "काईच नाई." त्याच्या आईचं पुढं काय झालं, मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

बायको माझ्यासमोर कधी ही गोष्ट ऐकायला थांबली नाही. मी सुरू केलं की उठून आत जायची. एका बाजूला झुकत, खास बनवून घेतलेल्या चपलेचा आवाज करत.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या तपासणीत फुप्फुसात ठिपके दिसले. नवीन औषध सुरू झालं आहे. लागू पडेल किंवा पडणार नाही, डॉक्टर दोन्ही सांगतात. तिनं तिथं त्यांना एकच प्रश्न विचारला, "पह्यल्याच साली आलो असतो, तं हे झालं असतं का?" ते म्हणाले, आता तो विचार करू नका. ती म्हणाली, "मी नाई करत. मी विचारून राह्यली." मी खिडकीतून पार्किंग पाहत उभा होतो.

आणि गेल्या रविवारी मुलीनं मला नवा मोबाईल आणला. ती आता अमरावतीतच एका कार्यालयात नोकरीला आहे. जुन्यातलं सगळं ती नव्यात टाकत होती. ओट्यावर बसली होती, आई शेजारी मटाराच्या शेंगा सोलत होती, मी गोठ्यातून हात धुऊन येत होतो. मुलगी एकदम थांबली.

"बाबा, हे अजून आहेत."

म्हशींच्या शेकडो फोटोंमध्ये टाचेचे पाच फोटो. मी म्हणालो, "काढून टाक ते."

"नोको," बायको म्हणाली. "माहा चष्मा दे."

तिनं मोबाईल जवळ घेतला. समोरचे दोन पाहिले, हललेले दोन पाहिले. पाचवा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिली. स्वतःची ती टाच, जी आता नाही. मग मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हा त्याले पाठवा."

"कोणाले?"

"अकोल्याच्या डॉक्टरले. ज्याले तुमी गावभर शिव्या देता."

"आता काय उपयोग हाये त्याचा?"

"तुमच्या बाजारात खोड लपवली तं माल वापस घ्या लागते ना? चार लोकांसमोर?" ती म्हणाली. "इथं आमी दोघीच हावो. तेवढं तं करा."

माझ्या मनात तेव्हाही हिशेब चालू होता, आणि तो मी इथं लिहितो कारण तो लपवला तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणत होतो, अर्धी चूक त्याची, त्यानंच म्हटलं आहे. थोडी लॉकडाऊनची. थोडी हिची, हिनं मोजे घातले. संक्रांतीपासून गप्प बसली ती हीच. असं करत करत माझा वाटा मी पावपर्यंत खाली आणला होता. जनावर घेताना मालकाला खाली आणतो, तसा. समोर ती चष्मा लावून बसली होती, तिच्या मांडीवर सोललेले मटार होते.

मी फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

मला वाटलं होतं, तो पाहणार नाही, नंबर बदलला असेल. अर्ध्या तासात उत्तर आलं. एकच ओळ.

"भाऊ, हा फोटो तेव्हाच काढलेला होता का?"

मुलीनं ती मोठ्यानं वाचली. पूर्ण वाचली, एवढीशीच होती.

मी मोबाईल घेतला आणि लिहायला लागलो. डॉक्टरसाहेब, त्या वेळची परिस्थिती अशी होती की. खोडलं. डॉक्टरसाहेब, तुम्हीही बाजूनं मागितला असता तर. खोडलं. तो दुसऱ्या मोबाईलमध्ये होता, असं लिहिलं. तेही खोडलं. बायकोनं मटार संपवले, सालं सुपात भरली, आणि मी अजून लिहितच होतो, खोडतच होतो. तिनं चष्मा काढून पदराला पुसला.

"लिवून झालं का?"

"विचार करून राह्यलो."

"त्याच्यात विचार काय हाये? व्हय का नाई, तेवढंच लिवा. घासाघीस करू नोका," ती म्हणाली. "त्यानं विचारलं हाये. उत्तर द्या त्याले."